पहिला ग्राहक

भोरला एसटी स्टँडसमोर माझा सायबर कॅफे होता, आणि गावात ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं नसरीन जळफळाटातून बोलते आहे असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आत्ताच म्हणून घ्यावं. जळफळाट होताच. पण खोटं त्यात काही नाही.

दुकान काढलं इंद्रजितने. वडिलांचं खताचं दुकान, स्वतःची पुण्याची एमबीएची पदवी, आणि दर दोन वाक्यांमागे एकदा ‘ग्लोबल’. साल दोन हजार आठ. वेल्ह्याकडचा इंद्रायणी तांदूळ इंटरनेटवरून पुण्या-मुंबईला विकायचा आणि पैसे कुरिअरवाल्याने दारात घ्यायचे, अशी कल्पना. ती वाईट नव्हती, हे मीही मान्य करते. वाईट होतं ते वेबसाईटचं नाव. ते इतकं लांब आणि इतकं संस्कृत होतं की टाईप करताना निम्मी लोकं चुकायची आणि उरलेली कंटाळायची. साईट बनवायला पुण्याचा पोरगा आणला. कॉम्प्युटर शिकलेली बाई स्टँडसमोरच बसते, हे कुणाला दिसलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

तांदूळ मात्र खरा होता. तो मंगलकाकूंचा. काकू पालीच्या, राजगडाच्या पायथ्याच्या. सुट्टीच्या दिवशी गडावर जाणारी पुण्याची पोरं त्यांच्या ओसरीवर पिठलं-भाकरी आणि भात खायची आणि निघताना हटकून विचारायची, मावशी, हा तांदूळ घरी कसा मिळेल? त्या भरवशावर काकूंनी बचत गटातल्या बायकांना समजावलं, की यंदा व्यापाऱ्याला द्यायचा नाही, इंद्रजितच्या दुकानातून विकायचा. व्यापाऱ्याचा टेम्पो रिकामा परत पाठवला. जाताना तो म्हणाला, संक्रांत झाली की एकदा येईन, तेव्हा नाही दिलात तर मी पुन्हा या वाटेला फिरकणार नाही. सगळ्यांची पोती काकूंच्या ओसरीवर रचली गेली. तांदूळ खपला नसता तर त्या बायकांनी काकूंना पुन्हा कधी जवळ बसवलं नसतं. काकूंना ते माहीत होतं आणि बायकाही ते रोज त्यांच्या कानावर घालत होत्या.

दत्तजयंती झाली आणि उद्घाटन ठरलं. वेबसाईटचं उद्घाटन कसं करतात हे जगात कुणाला ठाऊक नसेल, आम्हाला ठाऊक आहे. मॉनिटरला आडवी लाल फीत बांधली. नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डवर उडालं. पाहुणे म्हणून सावळारामबापू आले. तालुक्यातली पाण्याची टाकी असो, समाजमंदिर असो नाहीतर स्मशानातली शेड असो, ती बापूंच्याच हस्ते सुरू व्हायची. दुकानाची बोहनीही त्यांच्याच हाताची हवी, असं इंद्रजितने ठरवलं होतं. म्हणून त्याआधी कुणालाही, नुसती चाचणी म्हणूनसुद्धा, ऑर्डर टाकू दिली नव्हती. देवाला दाखवण्याआधी नैवेद्य उष्टा होऊ नये, तसा प्रकार.

मी मागे बायकांत बसले होते. पुढे पुरुषांची भिंत, त्यामुळे स्क्रीन काही दिसला नाही. टाळ्या ऐकू आल्या, मध्येच थोडी कुजबुज झाली, इंद्रजित मोबाईल घेऊन बाहेर पळाला, आत आला, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. फोटो निघाला. पेढे वाटले गेले.

त्यानंतर एकही ऑर्डर आली नाही.

लोक घ्यायला तयार नव्हते असं नाही. तांदूळ निवडला जायचा, नाव-पत्ता भरला जायचा, आणि शेवटचं बटण दाबलं की लाल अक्षरांत उत्तर यायचं, की ऑर्डर नंबर आधीच वापरात आहे, पुन्हा प्रयत्न करा. लोकांनी पुन्हा प्रयत्न केले. मग वैतागून कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ आणला. रविवारी गडावर आलेल्या पोरांनीच हे काकूंना सांगितलं.

इंद्रजितने उपाय केले नाहीत असं कोण म्हणेल? पहिल्यांदा त्याने फोनच्या लाईनला शिव्या दिल्या. मग कुणीतरी सांगितलं की तुमच्याकडे व्हायरस आहे, कॉम्प्युटर क्लीन करा. याने ओल्या फडक्याने पुसून काढला. मग वडिलांनी मॉनिटरला लिंबू-मिरच्या बांधल्या. लिंबू वाळलं, एरर ताजा. मग पुण्याचा पोरगा फोन उचलेनासा झाला आणि इंद्रजित भेटेल त्याला सांगू लागला की साईटवर लोड फार येतोय. म्हणजे गिऱ्हाईक नाही याचं कारण काय, तर गिऱ्हाईक फार. एमबीएला हेच शिकवत असावेत.

संक्रांत तोंडावर आली तेव्हा मंगलकाकू चेलाडीला गाडी बदलून भोरला आल्या आणि इंद्रजितकडे न जाता थेट माझ्या कॅफेत शिरल्या. त्या दुकानातून त्यांना स्वतःलाच तांदूळ मागवून बघायचा होता. मी त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांच्या नावाने, पालीच्या पत्त्यावर ऑर्डर टाकली. लाल अक्षरं आली. मी ती वाचून दाखवली. नंबर वापरात आहे म्हणजे कुणीतरी आपल्या आधी बसलंय ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले, आणि म्हणताना माझ्याही डोक्यात उजेड पडला. एकही ऑर्डर गेलेली नाही, तर नंबर अडवून बसलंय कोण?

काकूंना घेऊन मी इंद्रजितच्या ऑफिसात गेले. खताच्या पोत्यांमागे काचेची केबिन, भिंतीवर उद्घाटनाचा मोठा फोटो, खाली सोनेरी अक्षरांत ‘आमचे प्रथम ग्राहक’. मी म्हटलं, साईटची आतली बाजू उघडून दाखवा. तो टाळाटाळ करू लागला. पासवर्ड आठवत नाही म्हणाला. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता, लिंबाच्या खालीच.

आत एकच ऑर्डर होती. क्रमांक एक. नाव माननीय सावळारामबापू, माल इंद्रायणी तांदूळ एक किलो. पत्ता कोरा. फोन कोरा. पुढे शेरा, अपूर्ण.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उद्घाटनाला बापूंनी बटण दाबलं तेव्हा पानाने लाल अक्षरांत त्यांच्याकडे पत्ता मागितला. बापूंचा चेहरा उतरला. मला पत्ता विचारतंय हे, असं ते म्हणाले, आणि मागे कुणीतरी हसलं. इंद्रजितला घाम फुटला. त्याने बाहेर जाऊन पुण्याच्या पोराला फोन केला आणि बापूंची ऑर्डर मागच्या दाराने, पत्त्याशिवाय, आत ढकलायला लावली. पोराने ढकलली. ती धड पुरी झाली नाही आणि धड बाहेरही गेली नाही. पहिला नंबर पत्त्यासकट नोंदला गेल्याशिवाय दुसरा निघत नव्हता, म्हणून पुढे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला साईट तोच एक नंबर देऊ बघत होती आणि तो बापूंनी अडवलेला होता. हे सगळं इंद्रजितला पहिल्या आठवड्यातच पोराने सांगितलं होतं. तरी तो फडकं मारत बसला.

मी म्हटलं, बापूंचा पत्ता आपण भरू, घर सगळ्यांना माहीत आहे. त्यावर तो म्हणाला की मग कुरिअरवाला तांदूळ घेऊन दारात जाईल आणि बापूंकडे पैसे मागेल, ते कसं दिसेल? बरं, फुकट पाठवा. तर शून्य रुपयांची ऑर्डर साईट घेत नाही. मग फोन करून त्यांनाच विचारा. तो म्हणाला, बापूंना पिनकोड विचारू, वेड लागलंय का मला? राहिला एकच मार्ग, ऑर्डर रद्द करायची. हे ऐकून त्याने भिंतीवरच्या फोटोकडे असं पाहिलं, जणू बापू तिथून उतरून त्याच्या श्रीमुखात भडकावणार आहेत.

“बापूंच्या नावापुढे ‘रद्द’ लिहायचं?” तो म्हणाला. “नसरीनताई, तुम्हाला यातलं राजकारण कळत नाही.”

बापूंना त्या एक किलो तांदळाची आठवणसुद्धा नसणार, हे त्यालाही माहीत होतं. त्या दिवशी उद्घाटनानंतर ते दुसऱ्या उद्घाटनाला गेले होते. साधे पेढेही त्यांनी ड्रायव्हरला देऊन टाकले होते.

मंगलकाकू तोवर खताच्या पोत्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि पुढे आल्या.

“दादा,” त्या म्हणाल्या, “एका न जेवणाऱ्यापायी समदी पंगत खोळंबून ठिवलीया तुमी. माज्या वसरीवर बायकांची पोती हायती. परवाच्याला टेम्पो येनार. बापूंचा मान ऱ्हाऊ द्या, पर आमी मान शिजवून खायाचा का?”

इंद्रजित उठला. मला वाटलं, आता हा भांडणार. पण त्याने खिशात मोबाईल टाकला, केस सारखे केले आणि म्हणाला की मी जरा बाहेर चहा घेऊन येतो. दारात थांबून, आमच्याकडे न बघता, पुढे म्हणाला, मी नसताना इथे काय होतं ते मला माहीत नाही. आणि गेला. इतका शिकलेला माणूस, आणि निर्णय घ्यायचा तर चहाला पळाला.

मी रद्दवर बाण नेला. नक्की रद्द करायचं का, असं मशीनने विचारलं. मी माऊस काकूंच्या हाताखाली सरकवला. त्यांनी बोट दाबलं. दाबताना त्यांनी भिंतीवरच्या फोटोला मान लववली, तेवढा रिवाज त्यांनी सोडला नाही. क्रमांक एक सुटला. लगेच मी काकूंच्या नावाने पुन्हा चाचणी केली, आणि लाल अक्षरांच्या जागी हिरवी आली.

इंद्रजित पान खाऊन परतला. स्क्रीन बघून म्हणाला, आली ना लाईन, मी पहिल्यापासून सांगत होतो लाईनचाच प्रॉब्लेम आहे. गाढवापुढे वाचली गीता, असं माझ्या मनात आलं आणि ते मी मनातच ठेवलं, कारण त्याच्याच दुकानातून माझे अब्बा खत नेतात. फोटो आणि खालची सोनेरी अक्षरं भिंतीवर तशीच राहिली. आजही आहेत.

सगळं गोड झालं असं नाही. टेम्पो आला तेव्हा गटातल्या रतनबाई आणि आणखी एका घरचा धीर सुटला. त्यांनी आपली पोती व्यापाऱ्याच्या टेम्पोत टाकली आणि जाता जाता काकूंना दोन शब्द सुनावले. बाकीच्या थांबल्या. मी रविवारी गडावर आलेल्या पोरांचे फोन नंबर काकूंकडून घेतले आणि एकेकाला सांगितलं, पुन्हा बघा, आता होतंय. ते ऐकून दुसऱ्या दिवशी काकू भोरला येऊन माझ्याच कॅफेत बसून राहिल्या. लिंबाखालचा पासवर्ड मला पाठ झाला होता, मी साईटची आतली बाजू उघडून ठेवली. दुपारी पहिली खरी ऑर्डर आली, कोथरूडच्या एका मुलीची.

काकूंना छापील अक्षर लावून वाचता येतं, पण त्या म्हणाल्या, तूच वाच. मी वाचलं. इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट. समोर पिठाची गिरणी. लिफ्ट बंद असते, जिन्याने यावं. बेल वाजत नाही, दार ठोठावावं. दुपारी घरी फक्त आई असते, तिला कमी ऐकू येतं, म्हणून जोरात ठोठावावं. दोघी नसलो तर शेजारच्या काकूंकडे द्यावं पण परत नेऊ नये.

मंगलकाकूंनी ते मला परत वाचायला लावलं. परत नेऊ नये, या शब्दांवर त्यांनी डोळ्याला पदर लावला.

“बग नसरीन,” त्या म्हणाल्या, “ज्याला भात खायाचा आसतो, त्यो पत्ता आसा लिवतो.”