टिंग न वाजलेले दृश्य

मित्रांनो, मी एक जुनी टेबलघंटी आहे. पितळेची वाटी उपडी घालावी तसे माझे अंग, डोक्यावर बटण आणि पोटात स्प्रिंग. माझी पहिली नोकरी एका लॉजच्या काउंटरवर होती. तिथे जो तो येऊन माझ्या डोक्यावर थापा मारी. लॉज बंद पडले आणि मी भंगारात निघाले, तेवढ्यात एका बाईंनी मला उचलले. माझे नशीबच उघडले म्हणा ना!

या बाई पटकथा लिहायला शिकवत. छापखान्याच्या वरच्या खोलीत त्यांचा वर्ग भरे. त्यांचा नियम एकच होता. पडद्यावर जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही, ते कागदावर लिहायचे नाही. विद्यार्थी आपले दृश्य मोठ्याने वाचत. 'त्याला बालपण आठवले' असे काही आले, की बाई मला वाजवत. टिंग! "आठवलं म्हणजे कॅमेऱ्यानं नेमकं काय बघायचं?" भलेभले घामाघूम होत. एका निवृत्त मास्तरांच्या पहिल्याच पानाला मी अकरा वेळा वाजले. तेव्हा मला फार मोठेपणा वाटे, खोटे कशाला बोलू?

एका वर्षी वर्गात एक तरुणी आली. तिचे वडील कुलपे दुरुस्त करत, किल्ल्या बनवत. म्हणून सगळे तिला किल्लीवाली म्हणू लागले. नऊ वर्षांपूर्वी ती वडिलांशी भांडून घराबाहेर पडली होती आणि पुन्हा बोलणे होण्याआधीच ते गेले. त्यांनी आपल्याला माफ केले होते, एवढेच तिला पडद्यावर सांगायचे होते. वर्गातल्या एकाच पटकथेचे चित्रीकरण व्हायचे होते, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला होता.

"बाबांना पश्चात्ताप झाला," ती वाची. टिंग! "त्यांनी मुलीला मनोमन माफ केले." टिंग! असे महिनाभर चालले. एके दिवशी तिने कागद टेबलावर आपटले.

"बाई, त्यांनी माफ केलं होतं! मला माहितीये!"

"कशावरून?"

तिने आपटलेले कागद गोळा केले. मग हळूच म्हणाली, "ते गेल्यावर मी घरी गेले. वाटलं, कुलूप बदललं असेल. पण माझी जुनी किल्ली लागली."

"अगं वेडे," बाई म्हणाल्या, "मग हेच लिही की!"

पुढच्या आठवड्यात तिने नवे दृश्य वाचले. म्हातारा कुलूपवाला स्वतःच्याच दाराशी खटपट करतो आहे. कुलूप पार झिजले आहे. शेजारी म्हणतो, "गावाची कुलपं बदलता, हे कधी बदलणार?" म्हातारा नवे कुलूप हातात घेतो. भिंतीवर किल्ल्यांसाठी दोन खिळे आहेत. एकावर किल्ली आहे, दुसरा रिकामा. रिकाम्या खिळ्याकडे तो पाहतो. नवे कुलूप खोक्यात ठेवून जुन्यात तेलाचे दोन थेंब सोडतो.

बाईंचा हात माझ्यावर होता, पण तो हलला नाही. किल्लीवाली घाबरून म्हणाली, "बाई, घंटी बिघडली का?"

"घंटी ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

त्याच पटकथेचे चित्रीकरण झाले. मित्रांनो, मी आयुष्यभर वाजले, पण माझा सर्वांत मोठा मान मला गप्प राहून मिळाला. महिनाभर टिंग ऐकूनही परत परत लिहिणारी ती मुलगी आणि तिचे खरे शोधून काढणाऱ्या त्या बाई, दोघींपुढे मी आजही नतमस्तक आहे.

पुढे बाई थकल्या. वर्ग बंद झाला आणि मी कपाटात कोंडले गेले. ओलीने माझी स्प्रिंग गंजली. कोणी विचारपूस केली नाही, त्याचे वाईट वाटले. जुन्या वस्तू निरुपयोगी नसतात हो, त्यांना कधीतरी हात लावावा लागतो.

परवा किल्लीवाली आली. त्याच खोलीत आता ती वर्ग घेणार आहे. कपाटाची किल्ली हरवली होती. तिने वाकडी तार घालून कुलूप चुटकीसरशी उघडले, शेवटी लेक कोणाची! तिने मला दाबले, पण आवाज निघेना. मग तिने पर्समधून वडिलांची तेलाची बाटली काढली.

मला फार आनंद झाला, असे म्हणणार होते. पण बाईंचा नियम मी कसा मोडू? म्हणून जे घडले तेवढेच सांगते. तिने दोन थेंब सोडले, बटणावर बोट ठेवले आणि मी पहिल्याच दाबाला वाजले.