मे महिन्यातली नदी

दादरच्या ज्या आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढते, तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पाणी हवं असतं. नळाला नव्हे, खिडकीतून. कुणाला तळ्याकाठी बंगला, कुणाला नदीला लागून फार्महाउस. पाण्यापासून किती लांब बांधायचं याचे नियम सांगायला लागले की लोक असं तोंड करतात, जणू मीच त्यांच्यावर डूख धरून ते केलेत. मग मीही चार शब्द ऐकवते. बारा वर्षं हेच चाललंय. पण या खेपेला गिऱ्हाईक म्हणजे माझे बाबा होते, आणि माझी वाचाच बसली.

बाबांनी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकीत राबत सगळा जन्म काळाचौकीच्या एका खोलीत काढला. गावच्या वाटणीत थोरल्या कोंडीरामकाकांनी त्यांना नदीकाठचा तुकडा दिला, त्याचं त्यांना केवढं अप्रूप! अख्ख्या चाळीला सांगून झालं. "भाऊ असावा तर असा." होळीनंतर पाया खणायचा होता. माप त्यांनी स्वतःच घेतलं होतं. पाण्यापासून साठ फूट सोडून घर, असं वहीच्या पानावर लिहून आणलं होतं.

माप घेतलं मे महिन्यात. घोडं तिथेच पेंड खात होतं. गिरणीची रजा मेमध्ये, आमच्या शाळांची सुट्टीही मेमध्ये. गणपतीत बाकीचे चाकरमानी गावाला जात, पण बाबा चाळीच्या मंडळाचे, ते दहा दिवस इथून हलत नसत. तान्हेपणीच मुंबईला आलेले, पावसातली नदी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांची नदी घोट्याएवढी. आणि नियमात तर अंतर उन्हाळ्यातल्या पाण्यापासून मोजतच नाहीत. पूर जिथवर येतो तिथे निळी रेषा आखतात, तिच्या आत घर बांधता येत नाही.

मंगळवारी मी पूररेषेचा नकाशा मागवला आणि बाबांच्या जमिनीवर ठेवून पाहिला. रेषा ओटीवरून जाईल, फार तर स्वयंपाकघरातून, अशी मला धास्ती होती. ती जमिनीच्याही मागून गेली होती. अख्खा तुकडा पुरात होता.

बुधवारी मी कंप्युटरवर ती रेषा धरली आणि चाळीस मीटर नदीकडे ढकलली. घर पुरातून सुटलं. तासभर तशीच ठेवून दुसरी कामं करत बसले, चहा दोनदा गार केला. मग स्वतःचाच राग आला आणि रेषा जागेवर आणली. गुरुवारी भारतमाता थिएटरच्या स्टॉपपासून चालत घरी आले, बोलायचं ठरवून. बाबा भजी आणायला गेले होते. मी भजी खाल्ली आणि नकाशा पिशवीतच ठेवला.

शुक्रवारी त्यांनीच विषय काढला. "अनुजा, प्लान झाला काय? लोकांचे रोज काढतेस, बापाचाच रखडवलास."

मी नकाशा पलंगावर पसरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबा भडकले. "सरकारचे लोक इथे एसीत बसून रेषा मारतात! माझी जमीन मला माहीत नाय? थांब, दादालाच विचारतो." त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, मला खोटं पाडायला.

"दादा, पावसात पाणी आपल्या तुकड्यात येता काय रे?"

"येता म्हंजे? दरवर्साक येता," काका सहज म्हणाले. "आंब्याच्या बुंध्यार चडता. तिकडे कोण घर बांधता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मगे माका तो तुकडो कित्याक दिलंस?"

काकांच्या आवाजात कपट नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं. "तू येतंस मे म्हयन्यात आठ दिस. तुका पावसातली जागा कित्याक व्हयी हुती?"

बाबांनी फोन ठेवला. मला काकांचा संताप आला, आणि तेवढाच स्वतःचाही. मी गेली बारा वर्षं लोकांना विचारते, तुम्ही तिथे पावसात कधी राहिलात? बापाला एकदाही विचारलं नव्हतं.

"उद्या भांडायला जाऊया आपण," मी म्हटलं. "दुसरी जागा मागू. हक्क आहे तुमचा."

बाबा नकाशातल्या त्या निळ्या रेषेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "सरकारला माहीत. दादाला माहीत. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत. मलाच माहीत नाय." आणि हळूच विचारलं, "मग मी कुठला गं?"