पाहुण्याचा टोप

मी एक जुना टोप आहे. जाड बुडाचा, अॅल्युमिनियमचा आणि एकाच कानाचा. दुसऱ्या कानाचं काय झालं ते पुढे सांगतो. पण मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. या घरात मला सगळे 'कुत्र्याचा टोप' म्हणतात आणि मला त्याचा राग येत नाही. पूर्वी यायचा. चांगलाच यायचा.

माझा जन्म एका मोठ्या, तापलेल्या शेडमध्ये झाला. तिथे पत्र्याची गोल चकती यंत्रावर गरगर फिरवायचे आणि एक म्हातारा कारागीर लांब दांड्याने ती हळूहळू दाबत न्यायचा. बघता बघता सपाट पत्र्याला पोट सुटायचं. टोप तयार झाला की तो त्याच्यावर टिचकी मारून कान देऊन ऐकायचा. बहुतेकांना तो काही न बोलता बाजूला ठेवायचा. माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "हा टिकेल." पुढे मी दुकानाच्या फळीवर महिनाभर धूळ खात बसलो, पण ते दोन शब्द मी विसरलो नाही.

मला विकत घेतलं ते एका नव्या नवरीने. तिने मला उलटं केलं, सुलटं केलं, मग काउंटरवर ठेवून बोटाने हलवून पाहिलं. मी जागचा डगमगलो नाही. दुकानदार हसला, तेव्हा ती म्हणाली की तिचा नवरा सुतार आहे आणि डुगडुगणारी वस्तू घरात आली तर तो जेवणार नाही. अशा रीतीने मी सुताराच्या घरी आलो.

ती माझी उमेदीची वर्षं. सकाळी दूध, दुपारी भात, कुणाला ताप आला की गाजर-बटाट्याचं गरम सूप. त्यांना मुलगी झाली. तिने आयुष्यातला पहिला मऊ भात खाल्ला तो माझ्यातला. "या टोपात भात कधी लागत नाही," असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि मी शेगडीवर आणखी ताठ बसायचो. हीच लेक पाच वर्षांची असताना माझ्या कानावर पाय देऊन बिस्किटांच्या डब्याकडे चढली. बिस्किटं तिला मिळाली, माझा कान गेला. सुतार म्हणाला, उद्या बसवून देतो. मित्रांनो, साऱ्या गावाची दारं-खिडक्या वेळेवर बसवणाऱ्या या माणसाला माझा एक कान बसवायला अजून सवड झालेली नाही.

लेक मोठी झाली, नोकरीला लागली आणि पहिल्याच महिन्यात काचेच्या झाकणांच्या चकचकीत भांड्यांचा संच घेऊन आली. बाईंना फार कौतुक वाटलं. वाटणारच. माझी रवानगी सिंकखालच्या कप्प्यात झाली. तिथे माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले. ज्याच्यात भात कधी लागला नाही, त्याच्यात चिमटे! दोन वर्षं मी अंधारात चिमटे सांभाळले.

मग एका दुपारी सुताराच्या मागे मागे एक कुत्रा घरी आला. तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला, अंगभर लाकडाचा भुसा. कारखान्यातल्या फळ्यांमागे सापडला, असं सुतार म्हणाला. बाईंनी नाक मुरडलं. आजचा दिवस राहू दे, पाहुणा म्हणून, असं त्यांनी बजावलं. त्यावरून त्याचं नावच पाहुणा पडलं. याला अकरा वर्षं झाली. तो दिवस काही अजून संपलेला नाही.

सुरुवातीला त्याला घरातलंच जेवण मिळायचं. पण त्याचं अंग खाजायला लागलं, पोट बिघडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की याला मीठ नको, कांदा-लसूण नको, साधं शिजवून द्या. वेगळं भांडं हवं म्हणून बाईंनी सिंकखाली हात घातला, चिमटे ओतले आणि मला शेगडीवर चढवलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी पेटलो होतो, आणि तो काही नुसत्या जाळाने नव्हे. लेकीला वाढवलेला मी, आता कुत्र्यासाठी भात शिजवणार!

मी असा फुगून बसलो असताना पाहुणा शेगडीसमोर येऊन बसला. भात शिजेपर्यंत त्याने माझ्यावरून नजर हटवली नाही. काचेच्या झाकणाच्या भांड्यांकडे एकदाही वळून पाहिलं नाही. खाऊन झाल्यावर त्याने मला आतून असं चाटूनपुसून स्वच्छ केलं की इतक्या वर्षांत माणसांनी कितीतरी वेळा घासूनही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या दिवशी माझा राग निम्मा गेला. उरलेला निम्मा पुढच्या आठवड्यात गेला.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी या घरात फक्त तिघांना ठाऊक होती. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. सुतार सकाळी डबा घेऊन कारखान्यात जायचा तो संध्याकाळी यायचा. रात्री तो टेबलाशी वर्तमानपत्र उघडून जेवायचा. बाई त्याला गरम गरम वाढायच्या आणि मागाहून स्वतःचं उरकून घ्यायच्या. दुपारी एक वाजता मात्र त्या मला उतरवून, निववून स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवायच्या. मग ओट्याखालच्या कपाटाला पाठ टेकून स्वतःची ताटली मांडीवर घेऊन बसायच्या. भात फार गरम नाही ना, हे बघायला पहिला चमचा त्या स्वतः खायच्या. पाहुणा त्यांच्या गळ्याकडे बघत उभा असायचा. घास खाली उतरला की मग तो माझ्यात तोंड घालायचा. दोघं मिळून जेवायची. जेवताना बाई त्याला लेकीच्या फोनबद्दल, शेजारणीच्या गुडघ्याबद्दल, न सापडलेल्या चष्म्याबद्दल सांगायच्या. अकरा वर्षं हा नेम चुकला नाही. त्यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे, असं बाईंना कधी वाटलंच नाही.

मग लेकीकडून फोन आला. तिला आठवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं होतं. बाईंना सहा आठवडे तरी जायला लागणार होतं. त्यांनी सुतारासाठी कोपऱ्यावरच्या खानावळीचा डबा लावून दिला आणि पाहुण्यासाठी भिंतीवर एक कागद चिकटवला. तांदूळ एक वाटी, गाजर एक, भोपळ्याची फोड, एक अंडं. तांदळावर दोन बोटं पाणी. मीठ-कांदा नाही. निववून एक वाजता द्यावं. सगळं लिहिलं. शेजारी बसून पहिला चमचा आपण खावा, हे लिहिलं नाही.

पहिल्या दिवशी सुतार दुपारी मुद्दाम घरी आला. बोटं बुडवून पाणी मोजलं. पण बाईंची दोन बोटं आणि रंधा धरून धरून जाड झालेली सुताराची दोन बोटं यांत फार फरक. भाताची खळ झाली. पाहुण्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. चूक कळली म्हणून सुताराला उलट बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने बाईंच्या शिवणाच्या डब्यातून सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान शोधून काढलं, पोलादी पट्टीने त्याची रुंदी मोजली, दुप्पट केली आणि माझ्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक रेघ मारली. भात असा झाला की मीच स्वतःवर खूश झालो. सुताराने मला जमिनीवर ठेवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. पाहुण्याने त्याचा हात सभ्यपणे चाटला आणि तो बाहेरच्या दाराशी जाऊन पडला.

मित्रांनो, त्या वेळी मला जी तळमळ झाली ती काय सांगू! मला एवढं मोठं तोंड आहे, पण त्यातून वाफेशिवाय काही बाहेर पडत नाही. बस रे खाली, एक चमचा खा, एवढंच तर सांगायचं होतं.

संध्याकाळी बाईंचा फोन यायचा. पाहुणा जेवला का, हा पहिला प्रश्न. टोप चाटून पुसून ठेवला, असं सुतार सांगायचा. खरं सांगितलं असतं तर त्यांचा जीव इकडे अडकला असता आणि तिकडे लेकीला त्यांची गरज होती. फोन ठेवला की तो पाहुण्याशेजारी उकिडवा बसायचा आणि त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायचा. त्या आता बोटांना लागत होत्या.

तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तपासलं आणि आजार काही नाही म्हणून सांगितलं. मग दारात चपला घालताना म्हणाले, "बाईंची आठवण काढतोय. पण वय झालंय त्याचं. आणखी दोन दिवस पोटात काही गेलं नाही, तर मला काही सांगता येणार नाही."

चौथ्या दिवशी सुताराने भात केला तो नुसता करायचा म्हणून. त्याचं स्वतःचंही खाण्यात लक्ष नव्हतं. खानावळीचे डबे जसे यायचे तसे परत जात होते. त्याने मला खाली ठेवलं, पाहुण्याला दाराशी जाऊन उचलून आणलं आणि माझ्यासमोर बसवलं. मग स्वतःही कपाटाला टेकून खाली बसला. तीन दिवसांची भूक पोटात होती आणि समोर गरम भाताचा वास. त्याने चमचा घेतला, माझ्यातला भात उचलला आणि तोंडात घातला.

पाहुण्याने मान वर केली. तो सुताराच्या गळ्याकडे बघू लागला. घास खाली उतरला. पाहुणा उठला, थरथरत दोन पावलं पुढे आला आणि त्याने माझ्यात तोंड घातलं. माणसं म्हणतात ना, जीव भांड्यात पडला, तसा त्या दोघांचाही जीव त्या दुपारी खरोखरच माझ्यात पडला. सुतार रडत होता आणि खात होता. पाहुणा नुसता खात होता.

टोप रिकामा झाल्यावर सुताराने मान मागे टेकली आणि त्याची नजर कपाटाच्या दाराकडे गेली. ते कपाट त्याने स्वतः बनवलेलं, तीन हात पॉलिश मारलेलं. खालच्या अंगाला, बसलेल्या माणसाची पाठ येते तेवढ्याच जागी, पॉलिश झिजून आतलं पांढुरकं लाकूड दिसत होतं. सुताराने तिथे तळहात ठेवला. जागा त्याच्या पाठीपेक्षा अरुंद होती आणि बरीच खाली. समोर फरशीवर माझ्या बुडाचा करडा गोल डाग होता. लाकूड किती दिवसांत किती झिजतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं.  कारखान्यात त्या दिवशी तो परत गेलाच नाही.

पुढचे सगळे दिवस दोघं रोज एक वाजता माझ्यापाशी बसून जेवले. खानावळीचा डबा बंद झाला. संध्याकाळी फोनवर सुतार खरं सांगू लागला, आणि खरं सांगताना तो जरा जास्तच बोलतो असं मला वाटायचं. लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

बाई परत आल्या तेव्हा बरोबर जेवणाची वेळ होती. हातात पिशवी घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. नवरा मांडीवर ताटली घेऊन जमिनीवर बसलेला, शेजारी पाहुणा. मग पाहुण्याने जो गोंधळ घातला तो मी वर्णन करत बसत नाही. मी स्वतः दोनदा उलटता उलटता वाचलो. तो शांत झाल्यावर सुताराने विचारलं, "तू रोज इथे बसून याच्याबरोबर जेवायचीस?"

"मग कुणाबरोबर जेवणार?" बाई म्हणाल्या.

त्यात तक्रार नव्हती. किती वाजले हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि पिशवी खुंटीला लावली.  सुतार थोडा बाजूला सरकला. दुसरी ताटली काढून त्याने तीत माझ्यातला भात वाढला आणि ती बाईंच्या हातात दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईंना आयतं ताट मिळालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी एक घास खाल्ला आणि मीठ नाही म्हणाल्या.

"त्याचं काढून झालं की वरून घ्यायचं," सुतार म्हणाला. "आपल्यात आता तशीच पद्धत आहे."

तेव्हापासून मी तिघांचं शिजवतो. कारखान्याच्या दारावर दुपारी पाटी लागते आणि गिऱ्हाईकं अडीच वाजेपर्यंत फिरकत नाहीत. पाहुण्याचे दात आता कमी झालेत, म्हणून भात जरा मऊ लागतो आणि भोपळा कुस्करून घालतात.

मित्रांनो, जुन्या भांड्यांनी शेवटी आपली काळजी घ्या म्हणून विनवायचं असतं. मला कुणी नीट घासलं नाही, माझ्यात पुन्हा चिमटे ठेवले, तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात सगळ्यांना वाढून मागाहून एकटं जेवणारं कुणी असेल, तर आज त्या माणसाआधी उठू नका. पोट भरलं असलं तरी त्याचा शेवटचा घास होईपर्यंत शेजारी बसा.