गुरुवारच्या सहलीचा माईक

मी माईक बोलतोय. खरं तर मी स्वतः कधीच काही बोललो नाही. दुसऱ्यांचं बोलणं मोठं केलं, एवढंच. आता कुणीच बोलत नाही, म्हणून माझ्यावर ही वेळ आली.

एका लहान शहरात पाहुण्यांना दिवसभर हिंडवून आणणारी निळी बस होती. ड्रायव्हरच्या शेजारी, गुंडाळीच्या वायरीला मी लटकायचो. नवा होतो तेव्हा माझा रुबाब काय विचारता! गाईडताई मला हातात घ्यायच्या, दोनदा फुंकर मारायच्या आणि सुरू व्हायच्या. घड्याळाचा मनोरा, काचेची जुनी भट्टी, तलावातली होडी, शेवटी टेकडीवरचा सूर्यास्त. मनोऱ्याचं घड्याळ सात मिनिटं मागे का, हे सांगताना त्या अशा थांबायच्या, की अख्खी बस हसायला टपून बसायची.

मग सगळी माहिती फोनच सांगायला लागला. ताई "डावीकडे बघा" म्हणायच्या, माना खालीच.

"भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं हो," त्या एकदा ड्रायव्हरदादांना म्हणाल्या.

"भिंत निदान घोरत तरी नाही," दादा म्हणाले. ताई हसल्या, पण माझ्यावरची त्यांची पकड सैल झाली होती.

एका गुरुवारी बसमध्ये एकच प्रवासी चढले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर जेवणाचा डबा.

"काका, कुठून आलात?" ताईंनी विचारलं.

"इथलाच मी. भट्टीच्या मागे राहतो."

"अहो, मग तुम्हाला मी नवीन काय सांगणार?"

"नवीन नको. तुम्ही नुसतं बोलत राहा. बायको गेल्यापासून घरात आवाज म्हणून नाही."

ताईंनी मला उचललं आणि एका माणसासाठी सगळी सहल सांगितली, एकही थांबा न गाळता. पुढे काका दर गुरुवारी येऊ लागले. विनोद पाठ झाले तरी हसायचे. ताई एखादं साल चुकल्या, तर शाळेतल्यासारखं हळूच बोट वर करायचे.

पण एका माणसासाठी बस किती दिवस धावणार? मालकांनी कळवलं, हा शेवटचा गुरुवार. ताईंनी काकांना तसं सांगितलं. काका डब्याच्या झाकणावरून नुसते अंगठा फिरवत राहिले. भट्टी मागे पडली, तशी ताईंनी मला त्यांच्या हातात ठेवलं.

"आज तुम्ही सांगा."

काकांनी ताईंसारखीच दोनदा फुंकर मारली.

"उजवीकडे बघा," ते म्हणाले. "तो हिरवा दरवाजा. तिथे ती शिवण शिकवायची. मी न्यायला यायचो, तर म्हणायची, पाचच मिनिटं. त्या पाच मिनिटांचा अर्धा तास व्हायचा. मी चिडायचो. उगाच चिडायचो."

दादांनी थांबा नसताना गाडी बाजूला घेतली. होडीची वेळ टळून गेली, तरी कुणी घड्याळ पाहिलं नाही.

आता बस आगारात उभी असते. माझ्या जाळीत कोळ्यानं बिऱ्हाड केलंय. बॅटरी बसू नये म्हणून दादा पंधरवड्यानं येतात आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. तेवढाच वेळ माझ्यात जीव येतो. आजही आलेत. मघाशी आगारातल्या मेकॅनिकनं विचारलं, "ताई काय करतात हल्ली?"

"दर गुरुवारी काकांकडे जातात," दादा म्हणाले. "तास दोन तास बोलत बसतात दोघं. काकाच जास्त बोलतात म्हणे."

ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं टोचलंही. ताई एखाद्या दिवशी येतील, मला काढून घेऊन जातील, अशी आशा होती. पण एका खोलीत समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना माईक लागत नाही.

चला, इंजिन बंद करायला दादांचा हात किल्लीकडे गेला. तुम्ही ऐकून घेतलंत, फार बरं