टिटवीची विश्रांती

सरांचा विज्ञानावर इतका विश्वास, की खेळाडूला ताप आलाय हे ते कपाळाला हात लावून नव्हे, तर संगणकावरचा आलेख बघून सांगत. आज त्यांच्यासमोर टिटवीच्या घड्याळाने टिपलेला नाडीचा आलेख होता. लांब पायांमुळे हे नाव पडलेली ही पोरगी रविवारच्या मॅरेथॉनसाठी वर्षभर घाम गाळत होती.

"धावतेस त्या दिवशी तुझी नाडी शहाण्यासारखी वागते," सर म्हणाले. "विश्रांतीच्या दिवशी मात्र बसल्या जागी उसळते, मध्येच ठोका गाळते. रविवारी तू धावायचं नाहीस."

"घड्याळ बिघडलं असेल, सर."

"फक्त सुटीच्या दिवशी?"

विश्रांती टिटवीला मानवतच नसे. आराम केल्याने पायांत बळ येतं, हे शास्त्र कुण्या आळशाने लिहिलं असावं अशी तिची खात्री होती. म्हणून विश्रांतीच्या दिवशी ती नाडी मोजणारं घड्याळ आत्याच्या मनगटाला बांधायची आणि गुपचूप टेकडीवर पळायची. आत्या शिलाई मशीनवर बसून भाचीच्या वाटची विश्रांती घ्यायची.

बोलावं तर लबाडीपायी नाव कापलं जाणार, न बोलावं तर नाडीपायी.

"पुन्हा तपासा ना, सर."

"आधी डॉक्टर. अशा नाडीच्या माणसाला मी जिनासुद्धा चढू देणार नाही."

तेवढ्यात जिन्यातून हाक आली. "टिटवे... अगं, डबा... विसरलीस..." प्रत्येक शब्दाला धाप.

लिफ्ट सकाळपासून बंद होती.

"सर, ती नाडी माझी नाही!" टिटवी दाराकडे झेपावली. "आत्या, तिथेच बस! एक पायरी चढू नकोस!"

"बसायला काय झालं? आज घड्याळ तुझ्याच हातात आहे की," खालून आत्या म्हणाली.

सरांनी टिटवीकडे पाहिलं. त्या एका नजरेत रविवारचा निकाल लागला. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"वेळेवर आणलंत," दवाखान्यात आत्याला तपासून डॉक्टर म्हणाले. टिटवी तेव्हा कुठे रडली.

रविवारी मॅरेथॉन सुटली, तेव्हा ती दवाखान्यात आत्याच्या उशाशी स्टुलावर बसून होती. घड्याळ तिच्याच मनगटावर. सरांनी आलेख उघडला. विश्रांती घेताना टिटवीची नाडी कशी दिसते, हे ते वर्षभरात पहिल्यांदाच बघत होते.