करकरणाऱ्या झाकणाचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर दोन हंसांचं चित्र आहे. त्यातल्या एका हंसाचं डोकं घासून गेलं आहे, पण मित्रांनो, तेवढ्यावरून मला कमी लेखू नका. एका शिंप्याच्या दुकानाची लाज मी राखली आहे. मला मान नसली, तरी ही हकिगत मी मान ताठ ठेवूनच सांगणार.

कारखान्यात माझं झाकण जरा तिरकं बसलं. त्यामुळे उघडताना ते असं करकरतं, की शेजारच्या दुकानातही कळावं. तपासणाऱ्या बाईंनी खरं तर मला बाजूला काढायला हवं होतं. त्यांना बहुधा नेमकी तेव्हाच जांभई आली असावी. मी बिस्किटं घेऊन या दुकानात आलो, ती संध्याकाळपर्यंत संपली आणि माझ्यात बटणं भरली गेली. पितळेची, शिंपल्याची, लाकडाची. दुकानाचे जुने मालक म्हणायचे, "त्या डब्यात बघा, त्यात सापडलं नाही असं बटण नाही." हे ऐकलं की माझी छाती फुगायची.

पुढे बटणं प्लास्टिकच्या पाकिटांतून येऊ लागली. मला रिकामं करून कपाटावर टाकलं गेलं. तिथे माझ्यावर धूळ साचली आणि मी फार एकटा पडलो.

दुकान आता जुन्या मालकांचा मुलगा चालवतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, खिडकीपाशी बसून काज-बटण करते. मास्तरांच्या हातात कसब वडिलांचंच आहे. पण कापायच्या टेबलावर कात्रीच्या शेजारी त्यांचा मोबाइल असायचा, आणि तो दर दोन मिनिटांनी गुरगुरायचा. मास्तर एक निरोप बघायला तो उचलायचे आणि एखाद्या व्हिडिओत कुणीतरी मळका गालिचा धुताना दिसला, की तो स्वच्छ होईपर्यंत बघत राहायचे. आमच्या दुकानात गालिचाच नाही. मी वरून सगळं बघायचो आणि मनात धुसफुसायचो.

मग अग्निशमन दलाच्या बँडचे चोवीस लाल कोट शिवायला आले. मनगटाशी सोनेरी फीत, पितळेची बटणं. बँडप्रमुख चांगले धिप्पाड होते. त्यांनी साफ सांगितलं, "मास्तर, वरचे लोक म्हणतात, तयार कोट कारखान्यातून मागवा. मी तुमच्या वडिलांचं नाव सांगून काम इथे आणलंय. आता हे नीट झालं, तरच पुढचे गणवेश तुमच्याकडे." कापड एकाच वेळी रंगवलेलं होतं, म्हणजे तोच रंग पुन्हा मिळणं कठीण, आणि अगदी मोजून दिलेलं. जादा वीतभरही नव्हतं.

मित्रांनो, कोटाची बाही कापायची रीत सोपी आहे. पुठ्ठ्याचा साचा ठेवून एक बाही कापायची, मग तोच साचा पालथा करून दुसरी. म्हणजे एक डावी होते, एक उजवी. शेवटच्या कोटाची पहिली बाही कापून झाली आणि मोबाइल गुरगुरला. मास्तरांनी तो उचलला, गालिचा पाहिला, खाली ठेवला आणि साचा पालथा न करताच कात्री चालवली.

ताईने दोन्ही बाह्या उचलून बघितल्या. "दोन्ही डाव्याच आहेत रे. फायर ब्रिगेडमध्ये दोन डाव्या हातांचा माणूस आहे का कुणी?"

मास्तर हसले नाहीत. मटकन स्टुलावर बसले. "ताई, कापड संपलं. बाबांनी कमावलेलं नाव मी घालवलं."

"अजून गेलं नाही," ताई म्हणाली. तिने खुर्चीवर चढून मला खाली काढलं, पदराने पुसलं आणि मोबाइल माझ्यात ठेवला. "आधी हा इथे. मग बघू."

त्या सकाळी मास्तरांनी मला अकरा वेळा उघडलं. दर वेळी मी करकरलो, आणि दर वेळी ताई सुईवरची नजर न काढता म्हणाली, "आत्ताच तर बघितलास." शेवटी ते झाकणाला घालायला मशीनचं तेल शोधू लागले. तेलाची कुपी ताईच्या मांडीखाली होती. मीही माझ्या परीने जोरात करकरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त बायकोच्या फोनची घंटी चालू ठेवली, बाकी सगळ्यांची तोंडं बंद केली. एक वाजता आणि सहा वाजता मोबाइल बघायचा, असं ठरलं. दारावर तशी पाटी लागली. तिसऱ्या दिवशी मी पाचदा उघडलो, आठवड्याने दोनदाच. गिऱ्हाइकं कुठे पळाली नाहीत.

मोकळ्या झालेल्या डोक्याने मास्तरांनी कात्रणं टेबलावर पसरली. कापडाची वीण जुळवत त्यांनी दोन तुकड्यांतून उजवी बाही बेतली. जोड नेमका मनगटाशी येईल, सोनेरी फितीच्या खाली, असं बघितलं. सलग तीन तास त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या वडिलांचे हात मला पुन्हा दिसले आणि मला भरून आलं.

कोट न्यायला बँडप्रमुख आले, तेव्हा मास्तर स्वतःच म्हणाले, "एका कोटाला बाहीत जोड आहे. माझीच चूक झाली होती. पसंत नसेल तर तो परत करा."

बँडप्रमुखांनी चष्मा लावला. चोवीस कोट उलटेपालटे केले, अठ्ठेचाळीस बाह्यांवरून बोट फिरवलं. अर्ध्या तासाने घाम पुसत म्हणाले, "मास्तर, मला नाही सापडत. पुढच्या गणवेशांची मापं घ्यायला कधी येताय?" ताईने सुई खाली ठेवली आणि डोळे पुसले.

अग्निशमन दलाच्या संचलनाच्या दिवशी बँड आमच्याच रस्त्याने गेला. फुटपाथवर सगळ्यांनी डोळ्यांसमोर मोबाइल धरले होते. मास्तर आणि ताई मात्र पायरीवर मोकळ्या हातांनी उभे होते, म्हणून टाळ्या त्यांनीच वाजवल्या. बँडप्रमुखांनी दुकानासमोर बँड थांबवला आणि चोवीस लाल उजवे हात एकदम सलामीला वर गेले. त्यातला जोडाचा कुठला, ते मास्तरांनाही ओळखता आलं नाही.

मी खिडकीतून हे सगळं पाहिलं. माझ्या पोटात मोबाइल गप्प पडला होता, त्या उरलेल्या डाव्या बाहीच्या मऊ घडीवर. ताईने ती माझ्यासाठीच अस्तर म्हणून शिवली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्याला खाली काढा, पुसा आणि रोज थोडा वेळ मोबाइल त्याच्या हवाली करा. झाकण करकरत असेल, तर तेल मात्र घालू नका.