हॅरल्डचा खोकला

विनिफ्रेडच्या भिंतीतल्या शेगडीतून रोज पहाटे शेजारच्या हॅरल्डचा खोकला ऐकू यायचा. दोघंही म्हातारी, एकटी. यॉर्कशरच्या त्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून, मध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीतून वर गेलेली दोघांची दोन धुराडी.

धुराडी दुरुस्त करणारा क्लेग आला. धूर कुठे झिरपतो ते बघायला त्याने विनिफ्रेडच्या शेगडीत धुराची वडी पेटवली, तर धूर निघाला हॅरल्डच्या बैठकीच्या खोलीत.

“आजी, दोन धुराड्यांमधल्या विटा ढासळल्यात. तुमचा धूर त्यांच्या घरात जातोय. एखाद दिवशी जीव जाईल त्यांचा.”

“आणि त्याचा खोकला माझ्या डोक्यात जातो, त्याचं काय? त्यापेक्षा कोंबडा परवडला! बुजव एकदाचं.”

क्लेगने छपरावरून तिच्या धुराड्यात स्टीलची नळी थेट शेगडीपर्यंत सोडली, भोवतीची पोकळी भरून टाकली आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी विनिफ्रेडला जाग आली, तेव्हा घर चिडीचूप होतं. तिने शेगडीला कान लावला. काही नाही. किटली उकळून गार झाली, तरी काही नाही. मग ती गाऊनवरच बाहेर पडली आणि हॅरल्डचं दार बडवायला लागली.

हॅरल्डने पाव चावत दार उघडलं. “काय गं, आग लागलीय का कुठे?”

“मेल्या, खोकलास का नाही?”

“तुझा धूरच येत नाही आता. मग कशाला खोकू?”

विनिफ्रेडने गाऊनचा पट्टा आवळला. “उद्यापासून उठल्या उठल्या भिंतीवर दोन थापा मारायच्या. नाहीतर ती नळी मी स्वतः उपटून काढीन.”